नारोबा, रामदास आणि समर्थ

॥ श्रीराम ॥


समर्थांचं चरित्र आपण लहानपणापासून ऐकत आलोय. यावेळी ते त्यांच्या नावांच्या वाटेने बघूया, असं आम्हाला वाटलं.

इ.स. १६०८ च्या रामनवमीला मराठवाड्यातल्या जांब गावी ठोसरांच्या घरी दुसरा मुलगा झाला. वडील सूर्याजीपंत हे सूर्याचे उपासक, म्हणून मुलाचं नाव नारायण ठेवलं. थोरल्याचं गंगाधर. राणूबाईंच्या तोंडी मात्र तो नारोबाच. आईचं हाक मारायचं नाव कागदावर कुठे लिहिलं जात नाही, पण घरात तेच खरं असतं.

बाराव्या वर्षी बोहल्यावर सावधान शब्द ऐकून नारायण निघून गेला, ही कथा सर्वांना माहीत आहेच. नाशिकजवळ टाकळीला, गोदावरी-नंदिनीच्या संगमात कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून त्याने बारा वर्षं जप केला. तेरा अक्षरी राममंत्र, तेरा कोटी वेळा. पाण्यात उतरला तो नारायण ठोसर, आणि लोकांनी पुढे ओळखला तो रामदास.

आम्हाला इथे नेहमी प्रश्न पडतो, की नारायण हेही देवाचंच नाव, मग ते बदलायचं कशाला? आम्हाला वाटतं, नारायण हे धन्याचं नाव आहे आणि रामदास हे चाकराचं. त्यांनी चाकराचं निवडलं. त्यात ठोसर नाही, जांब नाही, कुळ नाही.

आपल्यातल्या कितीतरी जणींची नावं लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने लिहून बदलली गेली. हौसेने झालं सगळं, पण विचारलं कुणी नव्हतं. काही दिवस तर हाक आली तरी आपल्यालाच आली हे कळायचं नाही! समर्थांनी नाव स्वतः घेतलं, हा केवढा फरक आहे.

पण त्या नावाची किंमत दुसऱ्या कुणीतरी मोजली. टाकळीची बारा वर्षं आणि तीर्थाटनाची बारा, अशी चोवीस वर्षं राणूबाई नारोबाची वाट बघत होत्या. रडून रडून त्यांची दृष्टी गेली, असं सांप्रदायिक चरित्रं सांगतात. मग एक दिवस दारात कुणी गोसावी भिक्षेला आला. घरच्यांना तो रामदास म्हणजे परकाच. आपण नारायण आहोत हे त्याने सांगितलं, तेव्हा आई चाचपडत पुढे आली. त्याने डोळ्यांवरून हात फिरवला आणि तिला दिसू लागलं, असं म्हणतात. चमत्कार कुणी मानो न मानो, जगाला रामदास झालेला मुलगा त्या उंबऱ्यात पुन्हा नारोबा झाला, हे आम्हाला त्याहून मोठं वाटतं. संन्यासी म्हणून त्याने आईपाशी जुनं नाव नाकारलं नाही. थोरले गंगाधरही रामी रामदास म्हणून ओळखले गेले, पण ते प्रपंचात, आईजवळ राहिले. त्यांची आठवण आपण फारशी काढत नाही.

पुढे समर्थ कृष्णाकाठी आले. चाफळला १६४८ साली राममंदिर उभं राहिलं. अंबाजी नावाचा शिष्य गुरूंच्या शब्दाखातर फांदी तोडताना फांदीसकट विहिरीत पडला. गुरूंनी वरून कल्याण आहे ना असं विचारलं, आणि तेव्हापासून तो कल्याणच झाला. अंबाजी म्हणून आज त्याला कुणी ओळखत नाही. शिवथरघळीत दासबोध उतरवून घेणारे ते हेच कल्याणस्वामी. शेवटची वर्षं समर्थ परळीच्या किल्ल्यावर राहिले, त्याचाही सज्जनगड झाला. माघ वद्य नवमीला तिथेच त्यांनी देह ठेवला. ती तिथी आपण दासनवमी म्हणून पाळतो.

दास हे त्यांनी घेतलेलं नाव. समर्थ हे लोकांनी दिलेलं, अगदी उलट अर्थाचं. जालना जिल्ह्यातल्या त्यांच्या जन्मगावालाही आता नुसतं जांब म्हणत नाहीत, जांब समर्थ म्हणतात.