दादा कोंडके : श्रमिकांच्या आश्रयावरची रंगभूमी

लोकप्रिय कलावंताच्या मृत्यूनंतर त्याच्या गुणदोषांची चर्चा बहुधा अभिरुचीच्या अंगाने होते. त्याच्या कलेचा खर्च कोणी सोसला, हा प्रश्न मात्र सहसा विचारला जात नाही. दादा कोंडके यांच्या बाबतीत तो विचारल्यावाचून त्यांच्या कारकीर्दीचा उलगडा होत नाही.

कृष्णा ऊर्फ दादा कोंडके यांचा जन्म ८ ऑगस्ट १९३२ रोजी झाला. कुटुंब मूळचे भोर संस्थानातील इंगवलीचे, पण दादांचे बालपण गेले ते मुंबईत, नायगाव-लालबागच्या चाळींत. गिरणीचा भोंगा, गणेशोत्सवातील मेळे, भजनी मंडळे आणि कामगार रंगभूमी यांनी भरलेली ही वस्ती होती. कोकणातून आणि घाटावरून आलेल्या माणसांनी आपापली लोककला गाठोड्यात बांधून येथे आणली होती. दादांनी ‘अपना बाजार’ या सहकारी भांडारात नोकरी केली, बँडपथकात वाजविले आणि राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात हजरजबाबीपणाचे धडे गिरविले. हा गृहस्थ कोणत्याही नाट्यशाळेत गेला नव्हता. समोरच्या माणसाला नेमके केव्हा हसू येते, एवढे मात्र तो पक्के शिकला होता.

पुढे त्यांनी स्वतःचा संच उभा केला आणि वसंत सबनीस यांच्याकडून लोकनाट्य मिळविले. सबनीसांच्या ‘छपरी पलंगाचा वग’ या कृतीचे ‘विच्छा माझी पुरी करा’ हे नवे रूप १९६५ साली रंगमंचावर आले आणि त्याचे प्रयोग दीड हजाराच्या घरात गेले. गण, गौळण, बतावणी आणि वग हा तमाशाचा जुनाच सांगाडा होता; पण राजा, प्रधान आणि कोतवाल यांच्या आडून प्रेक्षकाला आजचे मंत्री आणि अधिकारी दिसत होते. दादांचा हवालदार संहितेबाहेर जाऊन त्या दिवशीच्या घडामोडींवर कोपरखळ्या मारी. सकाळी वर्तमानपत्रात वाचलेली बातमी रात्री रंगमंचावरून अशा रीतीने ऐकायला मिळे की, दिवसभर साहेबाची बोलणी खाल्लेल्या माणसाला क्षणभर आपणच सरकारची उलटतपासणी घेत आहोत असे वाटावे. या नाट्यावर पांढरपेशा रसिकही लुब्ध झाले. आशा भोसले त्याच्या चाहत्या होत्या आणि त्यांच्याच शब्दामुळे भालजी पेंढारकरांनी ‘तांबडी माती’ (१९६९) या चित्रपटात दादांना भूमिका दिली.

यानंतरचा टप्पा अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला विशेष उद्बोधक वाटतो. दुसऱ्याच्या चित्रपटात मानधनावर राबत राहण्याचा सोपा मार्ग दादांना मोकळा होता. तो त्यांनी स्वीकारला नाही. रंगभूमीवर जमविलेले नाव आणि पैसा यांच्या बळावर ते स्वतःच निर्माते बनले आणि १९७१ साली त्यांनी ‘सोंगाड्या’ काढला. चित्रपट तयार झाला, तथापि तो दाखवायचा कोठे, ही अडचण उभी राहिली. दादरच्या ‘कोहिनूर’मध्ये हिंदी चित्रपटाला झुकते माप मिळताच प्रकरण बाळ ठाकरे यांच्यापर्यंत गेले आणि शिवसेनेच्या दडपणानंतर ‘सोंगाड्या’ पडद्यावर आला. मालाला गिऱ्हाईक असूनही वितरणाच्या नाड्या दुसऱ्याच्या हाती असल्या म्हणजे उत्पादकाची कशी कोंडी होते, याचे याहून बोलके उदाहरण मिळणे कठीण. मात्र बाजारातील अन्याय रस्त्यावरील बळाने दूर करावा लागावा, ही गोष्ट समाजाला भूषणावह नव्हे, हेही नमूद केले पाहिजे.

पुढे ‘एकटा जीव सदाशिव’, ‘आंधळा मारतो डोळा’, ‘पांडू हवालदार’, ‘राम राम गंगाराम’ अशी मालिकाच सुरू झाली. सलग नऊ चित्रपटांनी रौप्यमहोत्सव साजरे केल्याचा त्यांचा विक्रम गाजला. उषा चव्हाण यांच्यासारखे सहकलाकार आणि ठरलेले तंत्रज्ञ यांचा संच त्यांनी तमाशाच्या फडाप्रमाणे एकत्र ठेवला. राम-लक्ष्मण या संगीतकार जोडीला ते नाव त्यांनीच दिले.

त्यांच्यावरील मुख्य आक्षेप द्व्यर्थी संवादांचा. सेन्सॉरशी त्यांचे खटके वारंवार उडत. शब्द निर्दोष आहे, अर्थ ऐकणाऱ्याच्या मनात आहे, असा त्यांचा बचाव असे. तमाशाच्या परंपरेत चावटपणाला स्थान आहे, हे खरे. पण त्या परंपरेत सत्तेची टवाळीही तितकीच होती. रंगमंचावरचा विनोद रोज बदलता येई, म्हणून त्यात राजकारण ताजे राही. चित्रफितीवर एकदा उमटलेले वाक्य बदलत नाही. त्यात दिवसाची बातमी शिळी होते आणि द्व्यर्थ तेवढा टिकतो. ‘विच्छा’मधील उपहास पुढे ओसरत गेला आणि ठरावीक चाळेच उरले, याचे एक कारण माध्यमाच्या या बदलात आहे. स्त्री ही बहुशः विनोदाचे निमित्त म्हणूनच वावरली, हा दोष मात्र माध्यमावर ढकलता येणार नाही.

तरीही एक गोष्ट विसरता येत नाही. दादांच्या पडद्यावरचा नायक देखणा नव्हता, श्रीमंत नव्हता. ढगळ अर्धी चड्डी आणि लोंबती नाडी हाच त्याचा वेष. गिरणीतला कामगार आणि खेड्यातला शेतमजूर स्वतःच्या घामाच्या पैशाने तिकीट काढून त्याला पाहायला जात होता. अनुदान नव्हे, धनिकाची देणगी नव्हे, तर ही मजुरीच त्या कलेचा राजाश्रय होती.

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगारांचे वेतन थांबले आणि त्यांतील कित्येकांना ते पुन्हा कधीच मिळाले नाही. दादांचे चित्रपट त्यानंतरही येत राहिले, हिंदीतही आले. पण ज्या वस्तीने त्यांना घडविले होते ती हळूहळू विरत गेली. १४ मार्च १९९८ रोजी दादांचे मुंबईत निधन झाले. गिरण्यांच्या जागी आता उत्तुंग इमारती आणि झगमगते मॉल उभे आहेत, आणि तेथील बहुपडदा चित्रपटगृहांतील तिकिटाचा दर रोजंदारीवरच्या कुटुंबाला परवडणारा नाही.

मराठी प्रेक्षक चित्रपटगृहाकडे फिरकत नाही, अशी तक्रार आपण नेहमी ऐकतो. तिच्यावर अनुदानाचे आणि सक्तीच्या खेळांचे उपाय सुचविले जातात. ते निरुपयोगी आहेत असे नाही. परंतु ज्या समाजात श्रमिकाच्या हाती चार पैसे आणि एक मोकळी संध्याकाळ उरत नाही, तेथे केवळ नियमांनी लोकरंगभूमी जगत नाही. दुसरा दादा कोंडके निपजेल की नाही, याची चिंता करण्यापूर्वी त्याचे तिकीट काढणारा माणूस शहरात राहू शकेल काय, याचा विचार धोरणकर्त्यांनी केला पाहिजे.