कावसजीचं नाक आणि आजचं हेअर ट्रान्सप्लांट

नवेगाव बांधला घरी आलो की चुलत भावाचा प्रश्न ठरलेला. टकलावर लावलेले केस टिकतात का? मी त्याला रोवणीचं उदाहरण देतो. पऱ्हे उपटून दुसऱ्या बांधीत लावले तरी धानाची जात बदलत नाही. पण या तंत्राचं मूळ मला कावसजीच्या गोष्टीत दिसतं.

कावसजी इंग्रजांच्या फौजेत बैल हाकायचा. 1792 च्या म्हैसूर युद्धात तो टिपूच्या कैदेत सापडला. तिथे त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. सुटल्यावर तो श्रीरंगपट्टणजवळ मुंबई फौजेला येऊन मिळाला आणि साधारण वर्षभर नाकाशिवायच जगला.

मग पुण्याजवळच्या एका वैद्याने त्याला नवं नाक केलं. हा वैद्य विटा पाडणाऱ्या जातीचा होता. त्याने मेणाचा पातळ साचा करून कपाळावर आखला, तेवढी कातडी सोलली आणि पिळा देऊन खाली नाकाच्या जागी बसवली. भुवयांमधली एक पट्टी मात्र जोडलेलीच ठेवली. वर काथाच्या पट्ट्या, नंतर तूप. साधारण 25व्या दिवशी ती पट्टी कापली. सर्व्हर मायग्रेशनसारखंच आहे हे: नवं कनेक्शन, म्हणजे इथे रक्तपुरवठा, चालू झाल्याशिवाय जुनं तोडायचं नाही.

मुंबईचे क्रूसो आणि फिंडले हे डॉक्टर बघायला हजर होते. ऑक्टोबर 1794 मध्ये लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझिन'मध्ये कावसजीच्या चित्रासह हे छापून आलं. त्यात वैद्याची जात आहे, नाव नाही! हे मला अजूनही खटकतं. 1814 मध्ये जोसेफ कार्प्यूने लंडनमध्ये हीच शस्त्रक्रिया केली.

आता केसांचं. कपाळ लहान असेल तर कातडीबरोबर डोक्याचे केसही येतात आणि नव्या नाकावर वाढत राहतात. म्हणजे केस मूळ जागेचा स्वभाव सोडत नाही. नॉर्मन ओरेंट्राइख यांनी 1959 मध्ये टकलाबाबत हेच मांडलं. डोक्यामागचे केस पुढे लावले तरी सहसा टिकतात. इथे जोडपट्टी लागत नाही. एक ते चार केसांचा पुंजका इतका छोटा असतो की सुरुवातीला आजूबाजूच्या ऊतींमधूनच पोषण घेतो. लावलेले केस काही आठवड्यांत गळतात, पण मुळं राहतात. तीन-चार महिन्यांनी नवे उगवायला लागतात. मागचा साठा मात्र मर्यादित, हे भावाला दरवेळी सांगावं लागतं.

कावसजीला पुढे कंपनीची पेन्शन मिळाली.