पेशींची लिपी वाचणारा शास्त्रज्ञ

आमच्या गावातील एका आजींनी अंगावरून जाण्याचा त्रास लाजेपोटी कितीतरी दिवस कुणालाच सांगितला नाही. सांगितला तेव्हा गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग फार पुढे गेलेला होता. मी कला शाखेची विद्यार्थिनी. तरीही डॉ. जॉर्ज पापानिकोलाऊ यांच्याविषयी लिहावेसे वाटले ते या आजींमुळे.

१३ मे १८८३ रोजी ग्रीसमधील किमी या गावी एका डॉक्टरच्या घरी त्यांचा जन्म झाला. अथेन्सला वैद्यकाची पदवी व म्युनिकला डॉक्टरेट मिळवून १९१३ साली ते पत्नी आंद्रोमाखी हिच्यासह न्यूयॉर्कला आले. गाठीला पैसा नव्हता. या उच्चविद्याविभूषित माणसाने तेथे गालिचे विकले, तर पत्नीने एका दुकानात बटणे शिवली. पुढे कॉर्नेलच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्यांना काम मिळाले.

तेथे ते गिनीपिगच्या योनिस्रावातील पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहत. ऋतुचक्राबरोबर या पेशींचे रूप बदलते, हे त्यांनी व स्टॉकार्ड यांनी १९१७ साली दाखवून दिले. मग तोच अभ्यास स्त्रियांबाबत सुरू झाला. त्यासाठी आंद्रोमाखीने वर्षानुवर्षे स्वतःचे नमुने दिले.

पुढे काही रुग्ण स्त्रियांच्या काचपट्ट्यांवर त्यांना निराळ्याच पेशी दिसल्या. निरोगी पेशीचे केंद्रक लहान व रेखीव असते. कर्करोगाच्या पेशीचे केंद्रक मात्र अवास्तव मोठे, गडद रंग घेणारे व वेड्यावाकड्या कडांचे असते. अशा पेशी आपोआप गळून स्रावात येतात. म्हणजे शरीराला सुरी न लावता रोग ओळखता येणार होता!

१९२८ साली त्यांनी हे जाहीर केले. पण कुणी फारसे लक्ष दिले नाही. तरी ते खचले नाहीत. डॉ. हर्बर्ट ट्राउट यांच्यासह त्यांनी पुन्हा काम केले. १९४१ चा लेख आणि १९४३ चा ग्रंथ यांनी जगाला ते पटले. त्यांच्या नावाची 'पॅप' चाचणी कर्करोग होण्यापूर्वीचे बदलही दाखवते. जेथे ती नियमित झाली, तेथे या रोगाचे मृत्यू खूप घटले. १९ फेब्रुवारी १९६२ रोजी मायामी येथे त्यांचे निधन झाले.

या रोगामागे एचपीव्ही हा विषाणू असतो, हे पुढे उघड झाले. आता त्याची चाचणी आहे, लसही आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील खेड्यांत ही चाचणी एकदाच केली, तरी मृत्यू कमी झाले, असे २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले.

पण दवाखान्याची पायरी चढल्याशिवाय कोणती चाचणी होणार? त्या पायरीआड आमची लाज उभी आहे. आंद्रोमाखीने ती शंभर वर्षांपूर्वी बाजूला सारली. मैत्रिणींनो, सुट्टीत घरी गेलात की आईशी याविषयी एकदा बोला. मीही अजून बोललेली नाही. या सुट्टीत बोलणार आहे.