पंडिता रमाबाईंचे प्रार्थनामय जीवन

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी प्रार्थनेवर काहीतरी लिहा, असे चिटणीसबाईंनी सांगितले तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. प्रार्थनेविषयी लिहिण्याचा अधिकार नेमाने प्रार्थना करणाराचा. माझा नेम म्हणजे चार दिवस चालला की पाचव्या दिवशी मोडला. दोन वर्षांपूर्वी यजमान आजारी पडले तेव्हा मी रात्रंदिवस देवाला हाका मारल्या. ते बरे होऊन घरी आले आणि माझ्या हाका थांबल्या. गरज सरली, तशी प्रार्थनाही सरली. याची मला मनातून फार लाज वाटत होती. त्याच सुमारास मी पंडिता रमाबाईंचे चरित्र पुन्हा एकदा वाचावयास घेतले. प्रार्थना कशी करावी हे मी सांगू शकत नाही, पण त्या बाईंनी ती कशी केली, ते सांगते.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी गंगामूळच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकनिंदा सोसून आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकविले होते. लक्ष्मीबाईंनी तेच लेकीला दिले. दिवसभर घरकामातून सवड नसे, म्हणून ही आई उजाडण्यापूर्वी पोरीला उठवी आणि झोपेने जड झालेल्या तिच्या डोळ्यांपुढे पाठ घेई. पहाटे उठून मन एका ठिकाणी लावण्याची सवय रमाबाईंना लागली ती तेव्हा. पुढे धर्म बदलला, देश पाहिले, पण ही सवय सुटली नाही. आईचे ऋण त्या कधी विसरल्या नाहीत. अमेरिकेत १८८७ साली प्रसिद्ध झालेले आपले पुस्तक त्यांनी आईच्याच स्मृतीला वाहिले.

पुढे दुष्काळात आईवडील गेले, थोरली बहीण गेली. भाऊ श्रीनिवास आणि रमाबाई पायी हिंदुस्थानभर हिंडली. उपासतापास, तीर्थे, व्रते यांत या कुटुंबाने कसूर केली नव्हती. पण इतके करून मनाला शांती नाही, हे दुःख त्या तरुण मुलीने बरोबर वागविले. १८७८ साली कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांना पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० साली भाऊ वारला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी विवाह झाला, आणि १८८२ साली पटकीने तेही गेले. तेव्हा पदरात मनोरमा नावाची तान्ही मुलगी होती.

इंग्लंडात वाँटेज येथे २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला. इथपर्यंतची हकीकत बहुतेकींना ठाऊक असते. मला विशेष वाटते ते पुढचे. सुमारे आठ वर्षांनी, १८९१च्या सुमारास, त्यांना उमगले की आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला खरा, पण प्रत्यक्ष ख्रिस्ताशी आपली गाठ पडली नाही. एवढी विद्वान बाई, शास्त्रे मुखोद्गत असलेली, आणि हे कबूल करावयास ती लाजली नाही. पुढे आपल्या साक्षीच्या पुस्तकात त्यांनी ते लिहूनही ठेवले. तेव्हापासून प्रार्थना हा त्यांच्या दिवसाचा पाया झाला.

आणि त्याच प्रार्थनेने त्यांना संकटात घातले. ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईस शारदा सदन काढले व पुढच्या वर्षी ते पुण्यास नेले. विधवा मुलींसाठी ही शाळा. कोणाच्या धर्माला हात लावावयाचा नाही, ही अट. आणि रानडे, भांडारकर यांच्यासारखे थोर गृहस्थ सल्लागार. रमाबाई सकाळी आपल्या खोलीत लेकीला घेऊन प्रार्थना करीत. खोलीचे दार उघडे असे. हळूहळू काही मुली आपण होऊन आत येऊन बसू लागल्या. १८९३ साली यावरून पुण्यात मोठे वादळ उठले. सल्लागारांनी अंग काढून घेतले, अनेक पालकांनी मुली नेल्या. पालकांचा राग समजण्याजोगा होता, कारण त्यांनी विश्वासाने मुली ठेवल्या होत्या. रमाबाईंचे म्हणणे असे, की मी कोणाला बोलावीत नाही, पण माझ्या देवाशी बोलताना दार लावूनही घेणार नाही. दार लावले असते तर शाळा शाबूत राहिली असती. मी त्या जागी असते तर लावलेच असते, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

यानंतरचे त्यांचे काम केडगावचे. १८९६ च्या दुष्काळात मध्य प्रांतात स्वतः जाऊन त्यांनी शेकडो अनाथ मुली व बालविधवा आणल्या. १९०० सालच्या दुष्काळात गुजरातेतून आणखी आल्या, आणि मुक्तिसदनातील संख्या दोन हजारांच्या जवळ गेली. इतक्या तोंडांना रोज अन्न द्यावयाचे! जॉर्ज म्युलर यांचे चरित्र त्यांनी वाचले होते. देवावर भिस्त ठेवून चालण्याचा धडा त्यातून घेतला होता. पण भिस्त ठेवली म्हणून हात जोडून बसल्या नाहीत. विहिरी खणल्या, शेती केली, माग लावले, तेलाचा घाणा, गाईगुरे, छापखाना, सारे मुलींच्या हाती दिले. आंधळ्या मुलींनाही वाचावयास शिकविले.

१९०५ च्या आरंभी त्यांनी विचारले की जागृतीसाठी रोज माझ्याबरोबर कोण प्रार्थना करील? सुमारे सत्तर जणी पुढे आल्या. सहा महिन्यांत त्या पाचशेंवर गेल्या. जूनअखेर सदनात मोठी जागृती झाली. मुली मोठ्याने रडत, पापे कबूल करीत. बाहेरच्यांना हा प्रकार रुचला नाही. पण त्याच मुली पुढे टोळ्या करून खेडोपाडी सुवार्ता सांगत हिंडल्या. मला महत्त्व वाटते ते त्याआधीच्या सहा महिन्यांचे, ज्यांत रोज जमणे एवढेच काम होते.

शेवटची वर्षे त्यांनी बायबलाच्या भाषांतराला दिली. साध्यासुध्या बायकांना कळेल अशी मराठी हवी, म्हणून उतारवयात त्या हिब्रू व ग्रीक शिकल्या. कानांनी ऐकू येईना, प्रकृती ढासळलेली. २४ जुलै १९२१ रोजी, जिच्यावर सारे काम सोपवावयाचे ती मनोरमा वारली. जिच्यासह बाप्तिस्मा घेतला, जिला शेजारी बसवून प्रार्थना केली, ती एकुलती एक लेक. तरी भाषांतराचे काम बंद पडले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई देवाघरी गेल्या, आणि १९२४ साली त्यांचे बायबल मुक्तीच्याच छापखान्यातून बाहेर पडले.

भगिनींनो, मनोरमा वाचावी म्हणून त्या माउलीने प्रार्थना केली नसेल का? ती ऐकली गेली नाही. तरी त्यांनी देवाशी बोलणे थांबविले नाही. माझे यजमान वाचले आणि मी थांबविले! हे ध्यानात आले तेव्हा पुस्तक मिटून मी बराच वेळ स्वस्थ बसून राहिले.

आता मी पहाटे चहाचे आधण ठेवण्यापूर्वी पंधरा मिनिटे बसते. अजून नेम मोडतो. मोडला की दुसऱ्या दिवशी पुन्हा बसते. आपल्या मंडळाच्या सभेला आपण सगळ्या जमतोच. हिशेब आणि चहापाणी यांच्या आधी पाव तास आपण एकत्र बसलो तर कसे? मला एकटीला जे निभत नाही, ते तुमच्या संगतीने निभेल, असे वाटते.