रयतेच्या पैशाचा पहारेकरी

नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक या गावी झाला. वडील लवकर वारल्यामुळे थोरल्या भावाने पोटाला चिमटा घेऊन त्यांना शिकविले. पैशाचे मोल त्यांना असे बालपणीच कळले. पुढे पुण्यात प्राध्यापक असताना न्यायमूर्ती रानडे यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी सरकारी जमाखर्चाचा कसून अभ्यास केला.

१८९७ साली विलायतेत वेल्बी कमिशनपुढे साक्ष देताना, हिंदुस्थानच्या तिजोरीवर लष्करी खर्चाचा केवढा बोजा पडतो, हे त्यांनी आकड्यांनिशी दाखविले. २६ मार्च १९०२ रोजी कलकत्त्यास वरिष्ठ कायदेमंडळात ते अंदाजपत्रकावर प्रथमच बोलले. सरकारला कोट्यवधींच्या शिलकेचा अभिमान वाटत होता. गोखल्यांनी त्या शिलकेचे मर्म उघड केले. रुपयाचा भाव उतरला, तेव्हा विलायतेस पाठवावयाच्या रकमेसाठी कर वाढविले गेले होते. पुढे भाव चढला, तरी ते कर कायम राहिले. तेव्हा ही शिलक म्हणजे भरभराट नसून दुष्काळाने गांजलेल्या रयतेकडून घेतलेली जादा रक्कम होय, असे त्यांनी दाखवून दिले.

कायदेमंडळात बहुमत सरकारचे होते. तरीही गोखले वर्षानुवर्षे लष्करी खर्च आवरण्याचा व शिक्षणावरील खर्च वाढविण्याचा आग्रह धरीत राहिले. मिठावरील कर मणामागे अडीच रुपये होता. तो १९०७ पर्यंत एक रुपयावर आला. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे त्यांचे विधेयक मात्र १९१२ साली फेटाळले गेले.

१९ फेब्रुवारी १९१५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. तिजोरीतील पै न् पैचा हिशेब मागण्याचा रयतेचा हक्क त्यांनी जन्मभर जागता ठेवला.