बेघरांचे डॉक्टर वानलेस
कॅनडात १८६५ साली जन्मलेले डॉ. विल्यम वानलेस १८८९ मध्ये ख्रिस्ती मिशनतर्फे भारतात आले. १८९४ मध्ये त्यांनी मिरजेत रुग्णालय उभारले. शल्यविशारद म्हणून त्यांची कीर्ती दूरवर पसरली. पण कुष्ठरोगापुढे शस्त्र निरुपयोगी होते. रोग उघड होताच घरच्यांनी दार लावावे, गावाने वेशीबाहेर घालवावे, मग भाकरी मागत झाडाखाली निजावे, असे त्या रुग्णांचे जिणे. कुष्ठरोग्यास स्पर्श करणाऱ्या ख्रिस्ताच्या या अनुयायाने त्यांच्यासाठी १९०० च्या सुमारास मिरजेत कुष्ठधाम उभे केले. खात्रीचा इलाज तेव्हा नव्हताच. छप्पर मात्र मिळाले. ती वेगळी वस्ती आज खटकेल खरी, पण तेव्हा दुसरे दार उघडे नव्हते. पुढे क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम निघाले. तो परिसर वानलेसवाडी झाला. १९३३ मध्ये अमेरिकेत त्यांचे निधन झाले.