एका राणीपासून वारूळ : सर जॉन लबक यांची ओळख



परिसर अभ्यासात मुंग्यांचा विषय निघाला की मुलं हमखास एक प्रश्न विचारतात : पहिली मुंगी कुठून आली? म्हणजे वारुळात हजारो मुंग्या आहेत हे ठीक, पण हे वारूळ सुरू कोणी केलं? प्रश्न साधा वाटतो, पण दीडशे वर्षांपूर्वी मोठमोठ्या अभ्यासकांनाही त्याचं पक्कं उत्तर देता येत नव्हतं. ते शोधायला ज्यांनी मोठी मदत केली ते काही कुठल्या विद्यापीठाचे प्राध्यापक नव्हते. ते लंडनमधले एक बँकवाले होते. त्यांचं नाव सर जॉन लबक. आज त्यांच्याविषयी वाचू या.

शाळा सुटली, शिकणं सुटलं नाही

जॉन लबक यांचा जन्म 30 एप्रिल 1834 रोजी लंडनमध्ये झाला. वडील बँकेचे मालक आणि शिवाय गणित-खगोलशास्त्राचे चांगले जाणकार. जॉन सहा वर्षांचे असताना हे कुटुंब लंडनजवळच्या केंट परगण्यात, डाऊन गावाशेजारी राहायला गेलं. 1842 साली त्याच गावात एक नवे शेजारी आले. त्याची एक गंमत सांगतात. वडील एक दिवस मोठी आनंदाची बातमी घेऊन घरी आले. छोट्या जॉनला वाटलं, आता आपल्याला घोड्याचं शिंगरू मिळणार! पण बातमी होती ती चार्ल्स डार्विन गावात राहायला येत असल्याची. मुलगा हिरमुसला. हा शेजारी शिंगरापेक्षा कितीतरी मोलाचा आहे हे त्याला पुढे कळलं.

जॉन ईटनच्या नामांकित शाळेत शिकत होता. पण बँकेतले भागीदार आजारी पडले, वडिलांना कामाला माणूस कमी पडू लागला आणि चौदाव्या वर्षीच मुलाची शाळा सुटली. वर्गमित्र शाळेत धडे गिरवत असताना हा बँकेत हिशेबाच्या वह्या बघत होता. कॉलेजचं तोंड त्याने पाहिलंच नाही.

इथे शेजारी मदतीला आले. मुलाची निसर्गाची आवड डार्विन यांच्या लक्षात आली होती. त्यांनी वडिलांना गळ घालून त्याला सूक्ष्मदर्शक घेऊन द्यायला लावला. जॉन पहाटे उठायचा, वेळापत्रक आखून अभ्यास करायचा, मग बँकेत जायचा. पाण्यातल्या बारीक जीवांवर त्याने इतकं चांगलं काम केलं की 1858 साली, वयाच्या चोविसाव्या वर्षी, रॉयल सोसायटीने त्याला सदस्य करून घेतलं. 1865 मध्ये त्यांनी आदिमानवाच्या काळावर एक गाजलेलं पुस्तक लिहिलं. पुराश्मयुग आणि नवाश्मयुग हे अश्मयुगाचे जे दोन भाग आपण इतिहासात शिकवतो ना, ती विभागणी आणि तिची इंग्रजी नावं याच पुस्तकातली.

काचेतलं वारूळ

1870 नंतर लबक मुंग्यांकडे वळले. मोठी अडचण ही होती की वारूळ जमिनीखाली. उकरलं की ते मोडतं आणि न उकरता आत काय चाललंय ते दिसत नाही. त्यांनी सोपी युक्ती काढली. दोन सपाट काचा एकमेकींपासून अगदी थोड्या अंतरावर बसवायच्या, मधल्या फटीत बारीक ओलसर माती भरायची आणि तिथे मुंग्या सोडायच्या. वरून काळं झाकण. झाकण उचललं की मुंग्यांचा सगळा संसार डोळ्यांसमोर! मुंग्या पळून जाऊ नयेत म्हणून भोवती पाण्याचा खंदक. अशी अनेक वारुळं त्यांनी घरातच ठेवली. एकेका मुंगीच्या पाठीवर रंगाचा बारीक ठिपका देऊन ते तिच्यावर तासन् तास नजर ठेवायचे आणि वेळ मांडून टिपणं करायचे.

एकटी राणी घर उभं करते का?

आता आपल्या मुलांच्या प्रश्नाकडे येऊ. वर्षातून ठरावीक दिवसांत वारुळातून पंख असलेल्या मुंग्या बाहेर पडतात. त्यांत नर असतात आणि तरुण राण्या असतात. मीलनानंतर राणी जमिनीवर उतरते आणि पंख गाळून टाकते. पण पुढे काय? तेव्हा तीन तर्क होते. एक, ती एखाद्या जुन्या वारुळात शिरते. दोन, काही कामकरी मुंग्यांना सोबत घेऊन ती नवं घर मांडते. तीन, ती एकटीच सगळं करते. तिसरा तर्क पटायला अवघड होता, कारण भरल्या वारुळातली राणी फक्त अंडी घालते. पिल्लांना भरवणं, साफसफाई, अन्न आणणं ही सगळी कामं कामकरी मुंग्यांची. मग ज्या राणीला हे काम कधी करावंच लागत नाही, तिला ते येणार कसं?

लबक वाद घालत बसले नाहीत. त्यांनी करून बघितलं. पहिला तर्क तपासायला राणी नसलेल्या वारुळात परकी राणी सोडली, तर मुंग्यांनी तिच्यावरच हल्ला केला. मग ऑगस्ट 1876 मध्ये त्यांनी आपल्या बागेत उडणाऱ्या तांबूस मुंग्यांच्या, नर आणि राणी अशा दोन जोड्या पकडल्या. ओली माती, खाणं आणि पाणी देऊन त्यांना वेगळं ठेवलं. सोबत एकही कामकरी मुंगी दिली नाही.

हिवाळा गेला. काहीच घडलं नाही. आपण असतो तर दोन महिन्यांत प्रयोग गुंडाळून ठेवला असता! एप्रिल 1877 मध्ये पहिली अंडी दिसली. एक नर एप्रिलमध्ये मेला, दुसरा मे महिन्यात. जूनमध्ये अंड्यांतून अळ्या बाहेर आल्या, महिनाअखेर पहिल्या अळीचा कोष झाला आणि जुलैमध्ये त्या कोषातून पहिली कामकरी मुंगी बाहेर पडली. इवलीशी, पण पूर्ण वाढलेली. निदान या जातीची राणी कोणाच्याही मदतीशिवाय पिल्लं वाढवू शकते आणि नवं वारूळ वसवू शकते हे सिद्ध झालं. पुढे तिला ते काम करावं लागत नाही, कारण तिने वाढवलेल्या मुलीच तो भार उचलतात. एका मुंगीसाठी माणूस जवळजवळ वर्षभर थांबला, तेव्हा कुठे हे एक वाक्य पुस्तकात लिहिता आलं.

राण्यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट त्यांच्यामुळे कळली. मुंगी जेमतेम वर्षभर जगते असाच तेव्हा सर्वसाधारण समज होता. लबक यांनी डिसेंबर 1874 मध्ये आणलेल्या काळ्या मुंग्यांच्या दोन राण्यांपैकी एक 1887 पर्यंत आणि दुसरी ऑगस्ट 1888 पर्यंत जगली. म्हणजे दुसरीचं वय जवळजवळ पंधरा वर्षं! मुंग्यांना अतिनील प्रकाश जाणवतो हेही त्यांनी दाखवलं. आपल्याला तो दिसत नाही, पण मुंग्या मात्र आपले कोष त्या प्रकाशातून उचलून दुसरीकडे नेत. मुंग्यांवरचं त्यांचं तोपर्यंतचं काम 1882 साली मुंग्या, मधमाश्या आणि गांधीलमाश्यांवरच्या त्यांच्या पुस्तकात आलं. ते पुस्तक खूप वाचलं गेलं.

माणसांच्या वारुळासाठी

लबक 1870 पासून ब्रिटिश संसदेत होते. 1871 साली त्यांनी बँकांच्या सुट्ट्यांचा कायदा करून घेतला. त्यामुळे इंग्लंडमध्ये वर्षाला चार हक्काच्या सुट्ट्या मिळू लागल्या आणि बँकेबाहेरच्या सामान्य लोकांनाही त्यांचा लाभ झाला. लोक प्रेमाने त्या दिवसाला संत लबकचा दिवस म्हणू लागले. दुकानांत राबणाऱ्या मुलांसाठीही ते झगडले. 1886 च्या कायद्याने अठरा वर्षांखालच्या मुलांचे कामाचे तास आठवड्याला 74 वर आणले. आज हा आकडा वाचून अंगावर काटा येतो, पण मर्यादा 74 ची, म्हणजे आधी काय असेल याचा विचार करा. चौदाव्या वर्षी स्वतः कामाला लागलेल्या माणसाने हा प्रश्न हाती घ्यावा, हे मला फार बोलकं वाटतं.

एव्हबरी इथलं प्राचीन दगडी वर्तुळ घरबांधणीत नष्ट होऊ नये म्हणून त्यांनी तिथली जमीन स्वतः विकत घेतली आणि 1882 मध्ये प्राचीन स्मारकांच्या संरक्षणाचा कायदा करून घेतला. त्याच वर्षी डार्विन गेले. वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये त्यांची शवपेटी वाहणाऱ्यांत लबकही होते. 1900 साली ते लॉर्ड एव्हबरी झाले आणि 28 मे 1913 रोजी त्यांचं निधन झालं.

वर्गात सांगताना

मित्रांनो, हे चरित्र सांगताना एक काळजी घ्या. शाळा सुटली तरी माणूस मोठा होतो, असा अर्थ मुलांनी घेता कामा नये. लबक यांच्या घरी पैसा होता, पुस्तकं होती. आपल्या वर्गातल्या ज्या मुलाची शाळा सुटते, त्याच्याकडे यातलं बहुधा काहीच नसतं. त्याला शाळेतच टिकवणं हे आपलं पहिलं काम.

लबक यांचं आयुष्य वळलं ते एका मोठ्या माणसाने लहान मुलाची आवड ओळखली म्हणून. डार्विन यांनी त्याला रोज धडे दिले नाहीत. त्याच्या हातात एक साधन येईल एवढं पाहिलं आणि त्याच्या प्रश्नांना किंमत दिली. हे आपल्यालाही जमेल. सूक्ष्मदर्शक नसेल तर भिंग चालेल. भिंगही नसेल तर वही-पेन्सिल घेऊन मुलांना शाळेच्या भिंतीकडेच्या मुंग्यांच्या रांगेपाशी दहा मिनिटं बसवा. वारूळ उकरायचं नाही, मुंगीला इजा करायची नाही, फक्त पाहायचं आणि वेळ टाकून लिहायचं. आठवडाभर रोज त्याच जागी, त्याच वेळी.

आणि पहिली मुंगी कुठून आली असं एखाद्याने विचारलं, तर उत्तर लगेच सांगू नका. आधी त्याला ते तीन तर्क द्या आणि विचारा : खरं कोणतं, हे तू कसं शोधशील?